सुईची जागा

नोटबंदीच्या पुढचं साल, दोन हजार सतरा. त्या वर्षी भिलाईत ऊन मार्चातच तापलं, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आनंदराव रामटेके डोळ्याच्या ऑपरेशनच्या टेबलावरून तसेच उठून घरी परत आले. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता, पण साखर चारशे ऐंशी निघाली. डॉक्टरने चिठ्ठीवर आकडा लिहिला, त्याला दोनदा गोल केलं आणि कांताबाईला म्हणाला, "दो सौ के अंदर लाओ, माताजी, फिर आओ. ऐसे में आंख को हाथ नहीं लगा सकते."

दवाखान्यातून दोघं ऑटोने निघाली. कॅम्प-१ च्या बाजारात ऑटो अडकला तेव्हा आनंदरावांनी विचारलं, "आषाढी पौर्णिमा कधी आहे वो?"

"नऊ जुलैले."

"मंग होते. तीन महिने आहेत."

कांताबाईला कळलं, त्यांच्या मनात काय आहे ते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले, आणि सव्वीस वर्षं ते वाचन आनंदरावांनी केलं होतं. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून विसाव्या वर्षी ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले. तिथल्या रोलिंग मिलमध्ये फिटरच्या हाताखाली चौतीस वर्षं बेअरिंगना ग्रीस भरण्यात गेली. पण विहारात ते बसले की अंगावरचा ग्रीसचा वास लोक विसरत. कांताबाईला अक्षर येत नव्हतं. तिने जे काही ऐकलं, समजलं, ते नवऱ्याच्या तोंडून. गेली दोन वर्षं डोळ्यांपुढे दुधाची साय आल्यासारखं झालं आणि वाचन सुटलं. तेव्हापासून ते संध्याकाळ झाली की ओट्यावर येऊन बसत आणि मांडीवर नुसते हात ठेवत. पुस्तक नसलं की त्या हातांना काय करावं ते सुचत नसे.

साखरेचं दुखणं नवं नव्हतं. सहा वर्षांपासून इन्शुलिन सुरू होतं. अलीकडे दिसत नाही म्हणून सून खुशबू सुई भरून द्यायची. ती घेऊन ते आतल्या खोलीत पडद्याआड जायचे, अर्ध्या मिनिटात बाहेर यायचे. त्यात त्यांनी कधी कोणाला हात लावू दिला नाही. दर महिन्याला डॉक्टर मात्रा वाढवत होते. अठराची चोवीस झाली, चोवीसची छत्तीस, छत्तीसची चव्वेचाळीस. साखर मात्र जागची हलत नव्हती.

"मंग ही साखर येते कुठून?" कांताबाईने त्या दिवशी संध्याकाळी विचारलं.

"मले काय मालूम."

"तोंडातून येते. दुसरं कुठून येईन?"

दुसऱ्या दिवशी तिने साखरेचा डबा, गुळाची ढेप आणि कपाटातली अर्धी बिस्किटाची पुडी उचलली आणि मधल्या भिंतीवरून शेजारच्या राधाबाईला दिली. राधाबाई इकडच्याच मुलखातली, साहू घरची. तीस वर्षं भिंतीला भिंत होती. ती डबा हातात घेऊन म्हणाली, "का करत हस दीदी? चाय ला का म पीबे?"

"बिनसाखरेचा पिऊ. सगळेच पिऊ."

तेव्हापासून घरात सगळ्यांनीच फिका चहा प्यायला. मुलगा राजदीप रसमड्याच्या एका लोखंडभट्टीवर ठेक्याने बारा-बारा तास काम करायचा. घरी येऊन फिका चहा तोंडात धरायचा आणि बापाकडे बघायचा. तेच जास्त लागायचं.

कांताबाईने भाकरी दोनावरून एकावर आणली. भाताचा दाणा बंद. आनंदराव कुठे बाहेर जाऊन आले की ती त्यांचा हात हुंगायची. एकदा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कागदाची चुरगळलेली पुडी सापडली. ती पुडी तिने राजदीपसमोर उलगडली. आत ओवा होता.

"ओवा गोड असते का वो?" आनंदरावांनी विचारलं.

ती पुडी घडी घालून परत खिशात घालण्याचं तिला सुचलं नाही. तशीच हातात धरून उभी राहिली.

माणूस मात्र डोळ्यांदेखत वाळत होता. पायजम्याची नाडी दर आठवड्याला बोटभर आवळावी लागे. लोटाच्या लोटा पाणी प्यायचे तरी ओठ कोरडे. रात्रीतून सहा वेळा उठायचे, भिंतीला हात लावत न्हाणीकडे जायचे. पायाच्या अंगठ्याला चप्पल घासली, तर महिनाभर ती जागा ओलीच राहिली. खुशबू जखम पुसायची, मलम लावायची आणि म्हणायची, "बाबूजी, सच-सच बताओ, कुछ खाते हो क्या? मैं मम्मी को नहीं बोलूंगी."

"नाही बेटा."

"थोड़ा सा भी?"

"थोडंसंच खातो. एक भाकर. तुझ्या सासूला विचार."

खुशबू हसायची, पण पुढच्या महिन्याचा आकडाही चारशेच्या वरच यायचा, आणि आकड्यापुढे माणसाचं काय चालतं?

कांताबाईचं काम सुईचं. बाजारातल्या दोन दुकानांचे फॉल-पिकोचे गठ्ठे घरी यायचे. खुशबू मशीनवर पिको करायची, कांताबाई हाताने फॉल टाचायची. दिवसाला आठ-नऊ साड्या. बोटाला अंगठी-टोपण नाही, काही नाही. उघड्या बोटाने चाळीस वर्षं सुई ढकललेली. सुनेला ती एकच गोष्ट शिकवायची, "एका भोकात दोनदा सुई घालू नको. कपडा सोडते तिथला. पुढं सरक." मे महिन्याच्या दुपारी कूलरचं पाणी संपायचं, घामाने साडीवर डाग पडू नये म्हणून दोघी हाताला पावडर लावायच्या, आणि भिंतीपलीकडे खाटेवर आनंदराव कूस बदलत पडलेले ऐकू यायचे.

जूनमध्ये परत तपासलं. चारशे चाळीस. डोळ्याच्या डॉक्टरने चिठ्ठी हातातही घेतली नाही.

आषाढी पौर्णिमा आली. विहारात दरवर्षीप्रमाणे वंदना झाली. नंतर वाचनाला नवा मुलगा बसला, कौस्तुभ. गजभियेंचा, इंजिनिअर झालेला, सालस पोर. तो मोबाइलवरून हिंदीतून वाचू लागला. समितीनेच ठरवलं होतं तसं, पोरांना मराठी समजत नाही म्हणून. आनंदराव मागे खांबाला टेकून बसले होते. कांताबाई बायकांतून बघत होती. ते मान तिरपी करून ऐकत होते, अनोळखी गावात घरचा माणूस शोधावा तसे.

वाचन संपल्यावर खिरीचे द्रोण वाटले. गर्दी झाली. कांताबाईने वळून पाहिलं तर आनंदराव दोन्ही हातांत भरलेला द्रोण धरून, पायाने जागा चाचपत येत होते. तिच्या डोक्यात तीन महिन्यांचा फिका चहा एकदम चढला. ती उठली, लोकांतून गेली, आणि त्यांच्या हातातून द्रोण हिसकावला. खीर त्यांच्या मनगटावर सांडली.

"कोणी देऊ नका हो यांना!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "हा माणूस चोरून खाते. घरभर आम्ही फिका चहा पिऊन राहिलो आणि हे इथं खीर खाते. चारशे साखर आहे. यांचे डोळे यांनीच खाल्ले!"

वाटणाऱ्या पोराने पळी पातेल्यात ठेवली. पंखे तेवढे फिरत होते. आनंदरावांनी मनगट सदऱ्याला पुसलं. "चाल घरी," एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते विहारात गेले नाहीत. संध्याकाळी लाउडस्पीकरवरून हिंदी वाचन ऐकू यायचं. ते ओट्यावर बसून ऐकायचे. मध्येच त्यांचे ओठ हलायचे, त्याच ओळी मराठीत. कांताबाई आतून फॉल टाचता टाचता कान द्यायची. बोलत नव्हते ते तिच्याशी फारसं. चाळीस वर्षांत तिने त्यांना हवं तेवढं गप्प बसलेलं पाहिलं होतं, दमून, रागावून. ही चूप वेगळी होती. तिला त्यांचा आवाज हवा होता. मोठ्याने वाचतानाचा, वाक्याच्या शेवटी जरा खाली बसणारा. कशाच्या तरी बदल्यात मिळाला असता तर तिने घरातली शिलाई मशीनसुद्धा दिली असती.

जुलै संपता संपता एका सकाळी तिने खुशबूच्या हातातून भरलेली सुई घेतली.

"आज मी देतो."

आनंदराव खाटेवर बसले होते. "कावून?"

"तुम्ही घेता का नाही, कोणाले मालूम? पडद्याआड जाता. सुई चुलीत टाकत असाल."

"कांता, तू आता हेही म्हणून राहिली?"

"सदरा वर करा."

त्यांनी बराच वेळ सदरा वर केला नाही. मग केला. कांताबाईने बऱ्याच महिन्यांनी त्यांचं पोट उजेडात पाहिलं. बरगड्या मोजता येतील इतकं शरीर सुकलं होतं, आणि बेंबीच्या डाव्या अंगाला मात्र लिंबाएवढा फुगवटा. तिने बोट लावलं. मळलेल्या कणकेसारखं मऊ, आणि वरची कातडी जाड, चामड्यासारखी.

"हे काय आहे?"

"ती सुईची जागा. तिथंच दे. तिथं दुखत नाही."

"सहा वर्षं इथंच?"

"इथंच. मिलमध्ये कसं, प्रत्येक बेअरिंगला ग्रीस भरायचं एकच तोंड असते. अंधार असो, धूर असो, हात बरोब्बर तिथंच जायला पायजे. दुसरीकडे ग्रीस लावलं तर कामाचं नाही. डोळे गेले तरी माझा हात चुकत नाही, पाह्य." आणि त्यांनी खरंच डोळे मिटून बोट त्या फुगवट्याच्या मधोमध टेकवलं. आवाजात थोडा अभिमानही होता.

कांताबाईने सुई तिथे नेली. पण हात पुढे जाईना. इतकी भोकं पडलेल्या जागी सुई घालायची तिच्या बोटांना सवयच नव्हती. तिने हात सरकवला आणि उजव्या बाजूच्या कोऱ्या कातडीत सुई घातली.

"आई गं! मारतं का!" आनंदराव ओरडले. "दुखलं नं वो! जागा चुकली तुझी."

"चुकू द्या," ती म्हणाली.

त्यांनी एक भाकर खाल्ली, वरून ताक प्यायले. कांताबाई साडी घेऊन बसली. अर्धा फॉल झाला असेल नसेल, तोच आतून आवाज आला, "सायरन झाला का? कावून उठवलं नाही मले?"

ती आत गेली. आनंदराव खाटेवरून उठायचा प्रयत्न करत होते. सदरा पाण्यातून काढल्यासारखा ओला. हात थरथरत होते, कपाळ बर्फासारखं. "माझी ए शिफ्ट आहे. डबा कुठं आहे? लवकर दे," ते भलतीकडे बघत बोलत होते.

"खुशबू! इकडे ये!"

खुशबूने बोटाला टोचून छोट्या मशीनवर थेंब घेतला. आकडा बघून तिचा चेहरा उतरला. "मम्मी, अड़तालीस!"

एक क्षण, एकच, कांताबाईला आनंद झाला. "उतरली? अठ्ठेचाळीस? उतरली नं!"

"मम्मी, बहुत कम है! बेहोश हो जाएंगे! शक्कर दो, जल्दी शक्कर दो!"

कांताबाई स्वयंपाकघरात धावली. फळीवरचे डबे पाडले. मीठ, हळद, तिखट, ज्वारीचं पीठ. साखर नव्हती. गूळ नव्हता. बिस्किटाचा तुकडा नव्हता. साऱ्या घरात जिभेला गोड लागेल असा एक कण तिने ठेवला नव्हता. ती मागच्या अंगणात पळाली आणि भिंतीवर दोन्ही हात आपटत ओरडली, "राधाबाई! साखर दे वो! माझी साखर दे!"

राधाबाई हातातलं टाकून आली. भिंतीवरून पातेलंभर साखर आणि पेला आला, मागून ती स्वतः भिंत चढून आली. साठीची बाई, लुगडं खोचून. दोघींनी आनंदरावांना टेकवून बसवलं. "धीरे-धीरे पियावव," राधाबाई म्हणाली, "ठसका झन लगय." कांताबाईने साखरेचं पाणी त्यांच्या ओठांना लावलं. पहिला घोट हनुवटीवरून ओघळला. दुसरा गेला. तिसरा गेला. ती त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली, घोट उतरतो का ते. खुशबू पुन्हा पुन्हा मशीन बघत होती.

पंधरा-वीस मिनिटांनी घाम थांबला. आनंदरावांनी आजूबाजूला पाहिलं, मग समोरच्या धूसर आकाराकडे. "कांता आहे का?"

"हाओ. मीच आहे."

त्यांनी ओठावरून जीभ फिरवली. "गोड आहे."

"हाओ."

"राधाबाई, तू साक्षीदार आहे बरं. हिनं आपल्या हातानं देल्ली. परत विहारात सांगते, हे चोरून खाते म्हणून."

राधाबाई हसली. कांताबाईने पेला खाली ठेवला आणि त्यांच्या पाठीला डोकं टेकवून रडली. तेव्हा आनंदराव हळूच म्हणाले, "ती खीर तुझ्यासाठीच आणून राहिलो होतो. बायकांकडे संपत आली असं कोणी म्हणत होतं."

त्याच दुपारी राजदीप अर्धी पाळी टाकून आला आणि बापाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथे साखरेच्या रुग्णांच्या खोलीत मृणाल नावाची नर्स होती, नागपूरकडची, चाळिशीची. तिने सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा पोटावर हात ठेवला.

"आजोबा, हे काय कमावून ठेवलं?"

"सहा वर्षांची कमाई आहे."

"तेच तर. एकाच जागी टोचून टोचून इथं चरबीची गाठ झाली. दुखत नाही म्हणून तुम्हाला बरं वाटलं. पण इथं दिलेलं औषध नीट अंगात जातच नाही, गाठीतच अडकते. डॉक्टर मात्रा वाढवत गेले, तुम्ही गाठीत भरत गेले. आज आजीनं कोऱ्या जागी दिलं तर सगळीच्या सगळी मात्रा एकदम अंगात गेली." ती कांताबाईकडे वळली. "आजी, जागा बरोबर शोधली तुम्ही. पण जागा बदलली की मात्रा डॉक्टरला विचारून कमी करावी लागते. आणि घरात मूठभर साखर हमेशा ठेवायची. ह्यांच्याच नावची."

"मंग हे खात नव्हते?" कांताबाईने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. तरी विचारलं.

"काय खाणार बिचारे! उपाशी मारलं की तुम्ही."

राजदीप दाराकडे तोंड करून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने येऊन बापाच्या सदऱ्याची बटणं लावली. बापाची बटणं त्याने आयुष्यात पहिल्यांदा लावली असतील.

डॉक्टरने मात्रा चव्वेचाळीसवरून अठ्ठावीसवर आणली. मृणालने कागदावर पोट काढलं, त्याचे चार भाग केले, मांड्यांचे दोन. "एका आठवड्याला एक भाग. आणि त्या भागातसुद्धा रोज बोटभर पुढं सरकायचं. गाठीला हात लावायचा नाही."

"आठवड्याला बदल?" आनंदराव म्हणाले. "मंग सरळ शिफ्ट म्हणा नं. ए शिफ्ट उजवीकडे वर, बी शिफ्ट उजवीकडे खाली. हिले पाठ आहे. चौतीस वर्षं माझी शिफ्ट बदलली की हिची झोप बदलली."

तसंच झालं. सोमवारी सकाळी कांताबाई विचारायची, "आज कोणती शिफ्ट?" आणि ते पोटावरचा चतकोर दाखवायचे. मग ती फॉल टाचावा तशी रोज बोटभर पुढे जायची. दुखायचं त्यांना. नव्या जागी दुखतंच. ते "हळू वो" म्हणायचे, ती "झालं" म्हणायची. भाकरी दोन झाल्या. संध्याकाळी जेवणानंतर दोघं भिंतीच्या कडेकडेने चौकापर्यंत चालायची. पंधरा दिवसांनी साखर तीनशे दहा आली. ऑगस्टच्या शेवटी दोनशे तीस. अंगठ्याची जखम सुकली, खपली धरली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उपाशीपोटी एकशे बेचाळीस. खुशबूने तो आकडा मशीनवरून पुसला जाऊ नये म्हणून त्याचा फोटो काढून राजदीपला पाठवला, आणि भट्टीवरून राजदीपचा फोन आला, "मां, बाबा को बोलो, मैं आज शक्कर वाली चाय पिया."

वीस सप्टेंबरला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा आनंदरावांनी कांताबाईकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "केस पांढरे झाले वो तुझे सगळे."

"केव्हाचे."

"मले कोणी सांगतलं नाही."

आश्विन पौर्णिमा पाच ऑक्टोबरला होती. वाचनाचा शेवटचा दिवस. आनंदराव जायला तयार नव्हते. कांताबाईने त्यांचा धुतलेला पांढरा सदरा खाटेवर ठेवला, जुना ग्रंथ फडक्यात बांधून स्वतःच्या काखेत घेतला आणि दारात उभी राहिली. विहारात वंदना झाली, आणि कौस्तुभ मोबाइल उघडतो तोच ती बायकांतून उठली.

"जयभीम. मी आषाढी पौर्णिमेला इथंच बोलली होती, का हे चोरून खाते. यांनी काही खाल्लं नव्हतं. चूक सुईच्या जागेची होती. साखर वाढली, पण यांच्या तोंडानं नाही. माझं तोंड मात्र चुकलं. तुमच्यासमोर चुकलं, म्हणून तुमच्यासमोर सांगून राहिली."

मागून एक म्हातारा म्हणाला, "बस वो कांताबाई, खाली बस. आता त्याले वाचू दे." कौस्तुभने मोबाइल खिशात घातला, उठून जागा दिली. "काका, आज आखिरी अध्याय आप पढ़िए. मराठी में."

आनंदरावांनी फडकं सोडलं. चष्म्याचा नवा नंबर अजून झाला नव्हता. पुस्तक एका डोळ्याजवळ धरून त्यांनी सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी अडखळल्या. मग आवाज लागला. पोरं चुळबुळत होती, एक-दोन बाहेर पळाली. समोरच्या म्हाताऱ्या बायांनी मात्र पदर तोंडाला लावला. कांताबाईने डोळे मिटले. वाक्य संपताना तो आवाज जरा खाली बसत होता, तसाच. एक पान वाचायचं ठरलं होतं. त्यांनी अध्याय संपवला. कोणी थांबवलं नाही.

त्यानंतर विहारात मराठी वाचन झालं नाही. समितीने ठरवलेलं बदललं नाही, आणि आनंदरावांनी बदला असं म्हटलंही नाही. पुढच्या वर्षी दुसरा डोळा झाला. मग रोज संध्याकाळी ते घरीच वाचायचे, कांताबाई फॉल टाचत ऐकायची. असं पाच वर्षं चाललं. दोन हजार बावीसच्या डिसेंबरात एका पहाटे ते झोपेतच गेले. हृदय थांबलं. त्या आधीच्या सकाळी साखर एकशे अडतीस होती. कांताबाई तो आकडा अजून लोकांना सांगते.

राजदीपने रसमड्याची भट्टी सोडली. आता तो नेहरू नगरात एका कोचिंग क्लासच्या इमारतीची देखभाल बघतो आणि वेळेवर घरी येतो. मृणालची बदली राजनांदगावला झाली. कौस्तुभ पुण्याला नोकरीला गेला. तिथे त्याला मराठी चांगली यायला लागली म्हणतात. राधाबाईला दोन वर्षांपूर्वी साखर निघाली. तिला आणि गल्लीतल्या आणखी तिघांना सकाळची सुई कांताबाईच देते, रोज बोटभर पुढे सरकून. पैसे घेत नाही.

खुशबू बिलासपूरला हिंदी शाळेत शिकलेली. अक्षरं तीच आहेत म्हणून संध्याकाळी पिकोची मशीन झाकली की ती सासूला तो ग्रंथ वाचून दाखवते. समजतं थोडं, वाचते सगळं. फक्त ळ तिच्या जिभेला येत नाही. 'काळ'ला ती 'काल' म्हणते. सुरुवातीला कांताबाई तिला अडवायची, पुन्हा म्हणायला लावायची. आता अडवत नाही. 'काल' आला की ती सुई साडीत तशीच ठेवते, आणि खुशबू पुढच्या ओळीवर जाईपर्यंत तिथेच बसून राहते.